विपश्यनेतले अवघड टप्पे: कुठे बसून राहायचं आणि कुठे उठायचं

विपश्यना म्हणजे शरीर-मनात जे घडतंय ते जसं आहे तसं बघण्याची बौद्ध ध्यानपद्धती. तिचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेल्या कुणालाही अडचण सांगा, उत्तर ठरलेलं असतं: ‘अनिच्च आहे. समतेने बघत राहा, निघून जाईल.’ (अनिच्च म्हणजे अनित्य, समता म्हणजे हवं-नको न करता बघणं.) उत्तर खोटं नाही. पण गुडघ्यातली कळ, दुपारची पेंग, तीन आठवडे मागे लागलेली विनाकारण भीती आणि सलग चार रात्री डोळ्याला डोळा न लागणं, या चारींना एकच उत्तर दिलं की घोळ होतो. कळ बसून बघायची असते, पेंग घालवायची असते, भीती बेताबेताने घ्यायची असते आणि चौथ्या तक्रारीसाठी आसनावरून उठून डॉक्टरकडे जायचं असतं. समोर यातलं काय आलंय हे ओळखण्याचं शिक्षण शिबिरात फारसं मिळत नाही. तिथे आचार्य हाताशी असतात. घरी आल्यावर मात्र ते आपलं आपल्यालाच करावं लागतं.

निदान एक शिबिर केलेल्या आणि घरी नेमाने बसणाऱ्यांसाठी हा लेख आहे. महाराष्ट्रात बहुतेकांची विपश्यना सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतली. ते १९६९ साली ब्रह्मदेशातून ही साधना घेऊन भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं होऊ लागली. काहीजण ब्रह्मदेशातलेच भिक्खू महासी सयाडो यांच्या पद्धतीने साधना करतात. त्यात जे घडतंय त्याची मनात नोंद घ्यायची असते आणि बसण्याइतकंच चालणंही असतं. पद्धती वेगळ्या असल्या तरी दोन्हींमागचा नकाशा एकच आहे, पाचव्या शतकात बुद्धघोषाने श्रीलंकेत लिहिलेला ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ. (त्याची देवनागरी आवृत्ती आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी संपादित केली आहे, हे जाता जाता.)

आधी अडचणीची जात ओळखा

स्वतःला तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर वहीत लिहून ठेवा. मनातल्या मनात दिलेली उत्तरं दुसऱ्या दिवशी बदलतात.

पहिला प्रश्न: हे फक्त बसल्यावर होतं, की दिवसभर सोबत असतं? फक्त बसल्यावर होत असेल तर बहुधा ती नीवरणं, म्हणजे मनाचे पाच अडथळे, आहेत: कामच्छंद, व्यापाद, थीनमिद्ध, उद्धच्च-कुक्कुच्च आणि विचिकिच्छा. सोप्या भाषेत हाव, चीड, सुस्ती, चुळबुळ-हुरहुर आणि शंका. ती नवशिक्यालाही गाठतात आणि वीस वर्षं बसणाऱ्यालाही.

दुसरा प्रश्न: डोळे उघडले, पोटभर जेवलं, चार माणसांत बसलं की ते उतरतं का? उतरत असेल तर साधनेचा जोर जास्त झालाय. तो कमी करता येतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ‘भीती आहे’ हे कळतंय, की फक्त भीतीच उरली आहे? कळत असेल तर साधना चालू आहे, मग ती कितीही नकोशी वाटो. कळणंच बुडालं असेल तर त्या क्षणी विपश्यना होत नसते, नुसतं सोसणं होत असतं. आणि सोसण्याने प्रज्ञा वाढते असं कुठल्याही सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशात, म्हटलेलं नाही. आपल्याकडे तपाची, उपासतापासाची परंपरा जुनी असल्यामुळे जितकं जास्त सोसलं तितकी साधना चांगली झाली असं वाटतं. बुद्धाने मात्र सहा वर्षं तेच करून पाहिलं आणि सोडून दिलं.

झोप, चुळबुळ, शंका

झोपेबद्दल बुद्धाने आपला शिष्य मोग्गल्लान याला दिलेला सल्ला इतका व्यवहारी आहे की तो जसाच्या तसा वापरावा. मगधातल्या एका गावी मोग्गल्लान बसल्या जागी पेंगत होता. त्याला पायऱ्यापायऱ्यांनी उपाय सांगितले आहेत. ज्या विचाराबरोबर पेंग येते तो विचार सोड. नाही गेली तर ऐकलेला धम्म मनात घोळव. मग तो मोठ्याने म्हण. कान ओढ आणि हातापायांवरून हात चोळ. उठून डोळ्यांवर पाणी मार, आकाशातल्या ताऱ्यांकडे बघ. मनात उजेड आण. चालायला लाग. आणि एवढं करूनही पेंग गेली नाही तर? उजव्या कुशीवर, केव्हा उठायचं ते ठरवून, झोप. शेवटचा उपाय लोक विसरतात. पहाटे साडेचारची बैठक गाठायची म्हणून रात्री जेमतेम पाच तास झोपणाऱ्या नोकरदार साधकाचा प्रश्न थीनमिद्धाचा नसून झोपेचा असतो.

चुळबुळीला उलटा उपाय लागतो. आनापानावर, म्हणजे नुसता श्वास बघण्यावर, परत या, श्वास मुद्दाम थोडा जोरात घ्या, आणि तो स्थिर झाल्याशिवाय शरीरभर मन फिरवू नका. शंकेशी बसल्या जागी वाद घालू नका. ‘ही साधना माझ्यासाठी आहे का’ हा प्रश्न चांगलाच आहे, पण त्याचं उत्तर चहा पिताना शोधा. आसनावर त्याची फक्त ‘शंका आली’ एवढी दखल घ्या.

दुखणं

शिबिरात चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि मग अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात: एक तास, हात उघडायचे नाहीत, पाय उघडायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. दुसरा आणि सहावा दिवस सगळ्यात जड जातो असं जुने साधक सांगतात, आणि त्यात दुखण्याचा वाटा मोठा असतो.

दुखण्याचे तुकडे करा. ‘गुडघा दुखतोय’ हे एक वाक्य आहे. त्याच्या आत जळजळ, दाब, ठणका, ताण, उष्णता अशा पाच-सहा संवेदना असतात आणि त्या सारख्या जागा बदलतात. आधी कडेने फिरा, मधोमध शिरू नका. मिनिटभर तिथे, मग दोन मिनिटं जिथे काही दुखत नाही तिथे, मग परत. ‘अजून चाळीस मिनिटं कशी काढू’ हा विचार आला की त्याला दुसरा बाण समजा. शरीराला लागलेला बाण एक आणि त्यावर मनाने मारून घेतलेला दुसरा, हे सल्लसुत्तातलं वर्णन इथे तंतोतंत लागू पडतं.

पण मर्यादा ओळखा. उठल्यावर पाच-दहा मिनिटांत दुखणं गेलं तर ते बैठकीचं होतं. तासाभरानेही गुडघा धरलेला असेल, पाय बधिर राहत असेल, कंबरेतून खाली कळ उतरत असेल तर ते सांध्याचं किंवा मणक्याचं दुखणं आहे. शिबिरात खुर्ची मागा. खुर्चीवर बसून साधना कमी होत नाही. मांडी घालण्याचा अभिमान मात्र कमी होतो, आणि ते वाईट नाही.

सुख लागतं तिथे सावध

अवघड टप्प्यांबद्दल बोलताना लोक थेट भीतीवर येतात. माझ्या मते खरी गडबड त्याच्या आधी होते, सगळं छान चाललेलं असताना.

संवेदना उठताना आणि जाताना स्पष्ट दिसू लागल्या, मन धारदार झालं, की त्याला उदयब्बय ज्ञान म्हणतात (ज्ञान म्हणजे इथे नकाशातला एक टप्पा). त्याच्या सुरुवातीला दहा गोष्टी भेटतात, त्यांना विपश्यनेचे उपक्लेश म्हणतात. डोळे मिटलेले असताना उजेड दिसणं, बुद्धी लखलखीत होणं, अंगावर रोमांच, गाढ शांतता, सुख, ओसंडणारी श्रद्धा, न थकणारा उत्साह, पक्की सजगता, समता, आणि दहावी म्हणजे या नवांची सूक्ष्म आवड. पहिल्या नऊ गोष्टी वाईट नाहीत. दहावीमुळे त्या उपक्लेश ठरतात.

याची बाहेरची लक्षणं घरच्यांना आधी दिसतात. माणूस शिबिरातून येतो आणि भेटेल त्याला शिबिराचा अर्ज भरायला लावतो. बायकोला, भावाला, ऑफिसातल्या साहेबाला विपश्यनेचं महत्त्व पटवत बसतो. झोप कमी लागते आणि त्याचं कौतुक वाटतं. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेला जावं असं वाटू लागतं. या काळात करायचं ते एवढंच: नेहमीइतकंच बसा, जास्त नाही. उजेड दिसला तर त्याची दखल घेऊन श्वासावर किंवा संवेदनेवर परत या. झोप ठरल्या वेळेला घ्या. आणि अनुभवाचं वर्णन आचार्यांखेरीज कुणाला करू नका, कारण सांगताना तो रंगत जातो आणि पुढच्या बैठकीत आपण त्याचीच वाट बघत बसतो.

हे सुख ओसरतंच. ते ओसरल्यावर पुढची उतरंड किती बोचणार हे इथे त्याला किती चिकटलो यावर बरंच ठरतं.

भंगानंतरची उतरंड

शिबिरात भंग म्हटलं की अंगभर वाहणारा सूक्ष्म तरंगांचा प्रवाह आठवतो, आणि तो हवाहवासा असतो. पण भंग ज्ञान पक्व होतं तेव्हा उठणं दिसेनासं होऊन फक्त विरणं दिसतं. ज्याच्याकडे लक्ष न्यावं ते पोचण्याआधीच गेलेलं असतं. शरीराची कड हरवते. आदल्या महिन्यात इतकं स्वच्छ दिसणारं सगळं आता निसटतं आणि साधकाची समजूत होते की साधना बिघडली.

तिथून पुढे क्रम असा सांगितला आहे: भय, आदीनव, निब्बिदा, मुंचितुकम्यता, पटिसंखा. जे सतत विरतंय त्यावर विसंबता येत नाही हे मनाला आतून कळतं, ते भय. या सगळ्यातले दोष दिसू लागतात, ते आदीनव. मग कशातच चव उरत नाही, ती निब्बिदा. त्यानंतर यातून सुटायचंय अशी तगमग, ती मुंचितुकम्यता. आणि सुटण्यासाठी परत एकदा सगळं नीट तपासणं, ते पटिसंखा. या शेवटच्या टप्प्यावर अनेकांना पाच मिनिटं बसवत नाही. अंगाला खाज, जडपणा, जुनी दुखणी वर येणं, सारखी बैठक बदलावीशी वाटणं. इतक्या वर्षांच्या साधनेनंतर आपण पहिल्या दिवसापेक्षा वाईट बसतोय असं वाटतं, आणि बरेचजण साधना सोडतात ते इथेच.

या नकाशाबद्दल एक इशारा. तो वाचून स्वतःला खूण लावू नका. ऑफिसात कंटाळा आला की ‘मला निब्बिदा झाली’ असं म्हणणारे साधक मी पाहिले आहेत. महिनाअखेरीचा ताण, थायरॉइडचा त्रास, घरातलं भांडण, यांनीही जेवणाची चव जाते. नकाशाचा उपयोग इतकाच की असं होतं, आधीही लोकांना झालंय आणि ते पुढे गेलेत, हे माहीत असावं. आपण नेमके कुठे आहोत हे ठरवण्याचं काम आचार्यांवर सोडा.

त्या दिवसांत रोज काय करायचं

वेळ कमी करा, नेम मोडू नका. सकाळ-संध्याकाळ तास तास बसत असाल तर अर्धा-अर्धा तास करा. तेही जड जात असेल तर वीस मिनिटं. साधना पूर्ण बंद केली तर अर्धवट उघडलेली गोष्ट तशीच राहते, आणि जोर वाढवला तर भीतीला खतपाणी मिळतं. या काळात लांब शिबिराला जाऊ नका. ‘दहा दिवसांनी फरक पडला, आता वीस दिवसांनी सुटेल’ हा हिशोब या टप्प्यावर चुकतो.

लक्ष जाड ठिकाणी आणा. सूक्ष्म तरंगांच्या मागे लागू नका. हाताचे तळवे, पायाचे तळवे, मांडी जमिनीला टेकते ती जागा, इथल्या ठळक संवेदना पुरेत. भीतीची लाट आली की ती शरीरात कुठे आहे ते शोधा: छातीत आवळणं, पोटात गोळा, घशाला कोरड. तिची गोष्ट ऐकत बसू नका, जागा बघा. दोन-तीन मिनिटांत ती हलत नसेल तर आनापानावर या. तेही जमत नसेल तर डोळे उघडा, समोरच्या भिंतीकडे बघा, खोलीतले आवाज ऐका. डोळे उघडणं म्हणजे हरणं नव्हे. अधिष्ठान शिबिरातल्या बैठकीसाठी आहे, घरातल्या भेदरलेल्या रात्रीसाठी नाही.

चाला. महासी परंपरेत चालणं हा साधनेचाच भाग आहे. गोएंकांच्या परंपरेतले साधक पद्धतींची सरमिसळ होईल म्हणून बिचकतात. त्यांनी त्याला साधना म्हणू नये, नुसतं चालावं. गच्चीवर किंवा अंगणात अनवाणी, पाय टेकतोय एवढं कळत राहिलं तरी पुरे. शारीरिक काम तितकंच उपयोगी: भांडी घासणं, झाडांना पाणी घालणं, पोळ्या लाटणं.

मेत्तेचा, म्हणजे सगळ्यांचं भलं होवो या मैत्रीभावनेचा, नीट वापर करा. शिबिरात ती दहाव्या दिवशी मिळते आणि पुष्कळजण ती बैठकीच्या शेवटच्या पाच मिनिटांची औपचारिकता समजतात. उतरंडीच्या काळात प्रमाण उलटं करा. वीस मिनिटांपैकी दहा-बारा मिनिटं मेत्ता द्या. सुरुवात स्वतःपासून करा. स्वतःविषयी ती उमटत नसेल, आणि या दिवसांत बहुतेक वेळा उमटत नाही, तर ज्याच्याबद्दल मनात काही गुंता नाही अशा कुणापासून करा: नातवंड, शेजारचं मूल, घरातलं मांजर.

खाण्यापिण्याकडे बघा. जुने साधक शिबिरात दुपारी बारानंतर जेवत नाहीत. तो नियम शिबिरापुरता आहे. घरी, नोकरी सांभाळून, अशा दिवसांत रात्रीचं जेवण सोडू नका. गरम वरणभात पोटात गेला की रात्रीची निम्मी भीती उतरते, हे मी कुठल्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय सांगतो.

घर आणि निर्णय

निब्बिदेच्या दिवसांत माणूस घरात तुटक होतो. लग्नाकार्याला जायला नको, टीव्ही नको, गप्पा नकोत. आपल्याकडे याला लगेच वैराग्य म्हणून मान मिळतो किंवा ‘याला काय झालंय’ म्हणून टोमणे मिळतात. दोन्हींनी नुकसानच होतं. घरच्यांना ज्ञानांची नावं सांगू नका. ‘साधनेमुळे सध्या मन जरा जड आहे, काही आठवडे शांत राहीन, तुमच्यावर राग नाही’ एवढं पुरे.

राजीनामा, घटस्फोट, घर विकणं, संन्यास, यातलं काहीही या काळात ठरवायचं नाही. मुंचितुकम्यतेत सुटण्याची ओढ खरी असते, पण ती सगळ्या संस्कारांपासून, म्हणजे घडून विरणाऱ्या सगळ्याच गोष्टींपासून, सुटण्याची असते. मन ती सोयीने साहेबावर किंवा सासूवर नेऊन ठेवतं. निर्णय कागदावर लिहा, तारीख घाला आणि दोन-तीन महिन्यांनी, झोप-भूक नेहमीसारखी झाल्यावर, परत वाचा.

निब्बिदा आणि नैराश्य यांत साधकाला कळेल असा एक फरक आहे. निब्बिदेत चव गेली तरी मन स्वच्छ असतं, कामं होतात, दुसऱ्याचं दुःख दिसतं. नैराश्यात ‘मीच नालायक’ हा सूर असतो, सकाळी उठवत नाही, आणि सगळं स्वतःभोवती आवळत जातं. दोन्ही एकत्रही असू शकतात. शंका आली तर नैराश्य धरून चाला आणि तपासून घ्या. निब्बिदा असेल तर डॉक्टरकडे गेल्याने तिचं काही बिघडणार नाही.

इथे थांबा

पुढचं काहीही दिसलं तर साधना त्याच दिवशी बंद: सलग दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी थकवाही नाही. कुणी नसताना आवाज ऐकू येणं. आपल्याला खास कामासाठी निवडलंय किंवा लोक आपल्या मागावर आहेत असं वाटणं. जग किंवा स्वतःचं शरीर खरं नाही असं वाटणं आणि डोळे उघडून, जेवून, झोपूनही ते न जाणं. जुन्या आघाताची दृश्यं आपोआप समोर येणं आणि न थांबणं. जीव नकोसा होणं.

अशा वेळी घरातल्या एका माणसाला स्पष्ट सांगा, एकटे राहू नका आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यांना साधनेबद्दल सगळं सांगा: किती तास, किती दिवस, काय झालं. रात्री-अपरात्री कुणी सापडत नसेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन लावा, मराठीतही बोलता येतं. आधीपासून गोळ्या चालू असतील तर शिबिरासाठी किंवा शिबिरानंतर त्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात तिथे खरं लिहा. प्रवेश मिळावा म्हणून तो रकाना कोरा सोडणारे साधक स्वतःलाच धोक्यात घालतात.

असं थांबणं धम्माला धरून नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी वेसालीची (वैशालीची) हकीकत आठवावी. तिथे भिक्खू अशुभ भावना, म्हणजे शरीराच्या ओंगळपणावरचं ध्यान, करत होते. शरीराची त्यांना इतकी किळस आली की अनेकांनी जीव दिला. पंधरवड्याच्या एकांतातून बुद्ध बाहेर आले, संघ इतका कमी का दिसतो असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचा शिष्य आनंद याने कारण सांगून दुसरी पद्धत द्यावी अशी विनंती केली. त्यावर बुद्धाने ‘तेच करत राहा, अनित्य आहे’ असं म्हटलं नाही. त्यांनी आनापानसती, म्हणजे श्वासावरची सजगता, शिकवली. हा प्रसंग संयुत्तनिकाय या सुत्तांच्या संग्रहातही आहे आणि विनय या भिक्खूंच्या नियमग्रंथातही. आधुनिक संशोधनही आता इथे पोचलंय: अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली बौद्ध ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखतींवरून आव्हानात्मक अनुभवांचे ५९ प्रकार नोंदवले.

आचार्यांशी बोलताना

शिबिरात दुपारच्या सुट्टीत आचार्यांना भेटता येतं. पुष्कळजण तिथे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणतात, ‘समतेने बघा’ ऐकतात आणि परततात. नीट सांगितलं तर उत्तरही नीट मिळतं. काय होतं, कधीपासून, बसल्यावर की दिवसभर, रात्री किती झोप लागली, किती जेवलात, त्या वेळी काय केलंत, त्याने काय झालं. अनुभवाचा अर्थ लावून सांगू नका. ‘मला भय ज्ञान झालंय’पेक्षा ‘काल रात्रीपासून छातीत धडधड आहे, दोन तास झोपलो’ हे उपयोगाचं. मग थेट विचारा: मी वेळ कमी करू का? आजच्या दिवस फक्त आनापान करू का?

सांगूनही दखल घेतली जात नाही आणि वर लिहिलेल्या थांबण्याच्या खुणांपैकी एखादी आहे, तर घरी जायला मागा. दहा दिवस पुरे करण्याचं वचन आपण देतो हे खरं. पण ते चालत्याबोलत्या, झोपणाऱ्या-जेवणाऱ्या माणसाने दिलेलं असतं.

पुन्हा बसताना

उतरंड ओलांडल्यावर बहुतेकदा गाजावाजा न होता समता येते. तिला संखारुपेक्खा म्हणतात. संवेदना सुखद असो वा दुःखद, मन तिच्याकडे झेपावत नाही आणि पळतही नाही. तासभर कसा गेला कळत नाही. इथून मागे घसरणं नेहमीचं आहे, आणि पहिल्यांदा घसरल्यावर साधक फार खचतो. विसुद्धिमग्गात यासाठी जुन्या खलाशांच्या कावळ्याचा दाखला आहे: किनारा शोधायला सोडलेला कावळा जमीन दिसली नाही की परत डोलकाठीवर येऊन बसतो. मन तसंच अनेकदा परत संस्कारांवर येतं. त्यामुळे काल समता होती आणि आज परत तगमग आहे, तर मागच्या सूचनांपैकी जी तेव्हा उपयोगी पडली ती परत काढा.

मध्ये साधना थांबवावी लागली असेल तर परतताना पहिले दोन आठवडे फक्त आनापान आणि मेत्ता, दिवसातून एकदा, वीस मिनिटं. झोप, भूक, काम ठीक राहिलं तर संवेदनांकडे या. उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. मग जवळच्या केंद्रावरची साप्ताहिक सामूहिक साधना, त्यानंतर एक दिवसाचं शिबिर. दहा दिवसांचा अर्ज त्यानंतरच भरा, आणि त्यात मागच्या वेळी काय झालं ते सविस्तर लिहा. आचार्यांनी ‘अजून थांबा’ म्हटलं तर थांबा.